अण्णांबरोबर वळसंगला

आमच्या घरात वळसंग हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले. अण्णांची थोरली आत्या तिथे दिली होती. ती आमच्याकडे कल्याणला आली की आल्या आल्या चूळ भरायची, पदराला तोंड पुसायची आणि गावाकडची खबरबात सुरू करायची. त्यात एक गोष्ट दरवेळी यायची. "आमच्या हिरीचं पयलं पाणी बाबासाहेबांनी काढलं." हे वाक्य ती दरवेळी ताठ बसून म्हणायची. आत्या जाऊन आता तीस वर्षं झाली. अण्णा पंचाहत्तरीत पोचले आणि मागच्या दिवाळीपासून त्यांनी एकच धोशा लावला, एकदा वळसंगला जाऊन येऊ.

शाळेतून तीन दिवसांची रजा मिळाली ती फेब्रुवारीत. थंडी सरत आलेली, ज्वारी उभी असते, हुरड्याचे शेवटचे दिवस. अण्णांचा हट्ट एवढाच होता की ७ फेब्रुवारीला, म्हणजे रमाईच्या जयंतीला, आपण पंढरपुरात असायचं. का, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

पहिला दिवस : सोलापूर

रात्री मुंबईकडून सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो की सकाळी सोलापूर. स्टेशनबाहेर पडलो तेव्हा हवा गार होती, पण ऊन साडेआठलाच अंगावर यायला लागलं. लॉजवर आम्हाला तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली होती आणि लिफ्ट बंद. अण्णांचे गुडघे बघून मॅनेजरने न सांगताच खालची खोली उघडून दिली. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर लिफ्ट चालू आहे का, हे फोनवर आधी विचारून घ्या.

न्याहारीला गाड्यावर सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून कोथिंबीर. अण्णा म्हणाले, "बोर्डिंगात रविवारी हेच असायचं." अण्णा बार्शीच्या एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. त्या दिवसांविषयी ते फारसं बोलत नाहीत. मला एवढंच ठाऊक होतं की प्रत्येक मुलाच्या ताटलीच्या काठावर खिळ्याने नंबर कोरलेला असायचा आणि अण्णांचा नंबर २७ होता. ती ताटली अजून आमच्या घरी आहे. आई तीत भाजी निवडते.

रिक्षाने बुधवार पेठेत गेलो. मिलिंदनगर, थोरला राजवाडा, हा सोलापुरातल्या आंबेडकरी चळवळीचा जुना बालेकिल्ला. इथेच प्रेरणाभूमी आहे. बाबासाहेबांच्या अस्थी इथे जपल्या आहेत आणि ६ डिसेंबरला ज्यांना चैत्यभूमीपर्यंत जाणं होत नाही ती माणसं इथे येतात. आम्ही गेलो तो आडवार होता, गर्दी नव्हती. दोन बायका झाडून घेत होत्या. एक शाळकरी मुलगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून हात जोडून उभी राहिली आणि पळत शाळेला गेली. अण्णा मात्र बराच वेळ बसले. मी मध्ये बोलले नाही.

तिथेच सावलीला बसलेल्या एका आजोबांशी गप्पा झाल्या. मिलमध्ये उभी हयात गेलेली, वडीलही मिलमध्येच. सोलापूर हे गिरण्यांचं शहर. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, कानडी, मराठी, दख्खनी, सगळं एकाच गल्लीत. आजोबा आमच्याशी मराठीत बोलता बोलता रस्त्यावरच्या माणसाला तेलुगूत हाक मारत होते आणि चहावाल्याला कानडीत. अण्णांनी त्यांना विचारलं, तुम्ही कुठल्या खात्यात होता?

"मी साचेखात्यात. पण आमच्या आज्याला साच्याला हात लावू देत नव्हते. रिंगखात्यात राबवून घ्यायचे." साचेखातं म्हणजे मागावर कापड विणायचं, रिंगखातं सूत कातायचं.

मग त्यांनी हातांनी करून दाखवलं. एका हाताचा धोटा, दुसऱ्या हाताची कांडी. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक ओढून घ्यायचं. "तोंडानं, बगा. म्हणजे एकाची थुकी दुसऱ्याला. म्हणून आमच्या माणसाला साच्यावर घ्यायचं नाही." साचेखात्यात पगार जास्त. दोऱ्याच्या एका टोकापायी पिढ्यांच्या पगारावर पाणी पडलं. मुंबईतल्या गिरण्यांतही हेच चालायचं आणि १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण ते आजोबा ओठ मुडपून हवेतला दोरा ओढत होते, तेव्हा कुठे मला ते नीट कळलं.

बाबासाहेब म्हटलं की आपल्याला महाड, नाशिक, येवला, नागपूर आठवतं. सोलापूर जिल्हा त्या यादीत सहसा येत नाही. मला तो यायला हवा असं वाटतं. मे १९२४ मध्ये बार्शीला मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. विलायतेतून परत येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. आणि त्या सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते कुठे, तर सोलापुरात! तारीख ४ जानेवारी १९२५. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं सभेकडून. सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपयांची मदत दिली. त्या वसतिगृहातली पोरं 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवत. ज्यांच्या आईबापांना अक्षरओळख नव्हती त्या मुलांनी १९२५ च्या सुमाराला स्वतःचं मासिक काढावं, याचा मला अभिमान किती वाटतो हे शब्दांत सांगता येत नाही.

अण्णांना ही तारीख मी गाडीत सांगितली होती. प्रेरणाभूमीतून बाहेर पडताना ते म्हणाले, "म्हणजे आमच्या बोर्डिंगाची आजीच की ही."

दुपारी ऊन फार झालं. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि वांग्याची भाजी. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळवलेली, महिना-महिना टिकणारी. चटणी खलबत्त्यात कुटलेली घ्या. ती तेल सोडते आणि बोटाला चिकटते. मिक्सरची कोरडी राहते. दोन्ही वस्तू घरी न्यायच्या असतील तर शेवटच्या दिवशी घ्या, भाकरी पिशवीत मोडतात. चादरी मात्र पहिल्याच दिवशी बघून ठेवा. सूत हाताला लावून बघा, दर विचारा, दुसऱ्या दुकानात जा, घाई करू नका.

संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्यावर. पाण्यात मंदिराचे दिवे, किल्ल्याच्या भिंतीवर पोपटांचा गोंगाट. परतताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. चार नावं चार प्रकारची, आणि शहर चौघांना एका दमात म्हणतं.

रिक्षावाल्याने मध्येच कुणाला तरी ओरडून विचारलं, "सेटलमेंटला येणार का?" अण्णांनी मान वळवली. सेटलमेंट हे इथल्या वस्तीचं नाव. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा कित्येक जमातींतली माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली गेली आणि तारेच्या कुंपणात ठेवली गेली. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि ही माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन ती तार तोडली, असं इथली माणसं सांगतात. तार गेली, नाव राहिलं. सोलापूरला याल तेव्हा त्या वस्तीचं नाव नुसतं रिक्षाचा थांबा म्हणून ऐकू नका, एवढीच माझी विनंती.

दुसरा दिवस : वळसंग

अक्कलकोट रस्त्याला सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर वळसंग. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या इथून भुर्रकन निघून जातात. एसटीनेही जाता येतं, आम्ही वडापने, म्हणजे खासगी शेअर गाडीने गेलो. गाडी भरल्याशिवाय वडाप हलत नाही हे धरूनच निघा. आम्हाला अर्धा तास बसावं लागलं. त्या अर्ध्या तासात शेजारच्या मावशींनी अण्णांचं गाव, आडनाव, मुलं किती, सगळं काढून घेतलं आणि आत्याच्या सासरचं घर कुठे असेल तेही सांगितलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी. काळी रानं, कणसं भरलेली, गोफण घेऊन माळ्यावर उभी पोरं. अण्णा खिडकीतून बघत होते आणि एकेक शब्द सुटत होता. ताटं. कडबा. पेंढी. चघाळ. चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते.

आत्याच्या गोष्टीतलं १९३७ चं साल थोडं समजून घ्यायला हवं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ते २० मार्च १९२७ ला. त्याच्याही आधी, १९२३ मध्ये, सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होतं, आणि मधल्या पायऱ्या उतरायला माणसं मार खात होती. महाडनंतर तळं कोर्टात गेलं. दहा वर्षं खटला चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या आदल्याच महिन्यात निवडणुका झाल्या होत्या. बाबासाहेबांनी १५ ऑगस्ट १९३६ ला काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष त्यात उतरला होता आणि सोलापूरकडून जिवाप्पा ऐदाळे निवडून आले होते. त्या वर्षी बाबासाहेब वळसंगला आले.

आत्या सांगायची ते असं. गावच्या विहिरीवर आपल्या माणसांनी जायचं नाही. मग आपल्या माणसांनी ठरवलं, आपली आपण खणायची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि मग आपल्या विहिरीवर यायचं. बायका पाट्यांनी माती उपसायच्या. पाणी लागलं तेव्हा कुणी ते प्यायलं नाही. बाबासाहेब येणार, त्यांच्या हाताने पोहरा सुटणार, मगच प्यायचं. तोवर घागरी आहेत तिथूनच भरायच्या. आत्या लग्न होऊन आली तेव्हा विहीर नवी होती आणि सासूने तिला पहिल्या दिवशी देवाच्या आधी विहिरीच्या पाया पडायला लावलं.

वस्तीत विचारत गेलो. पहिल्याच दारात एका तरुणाने हातातलं काम टाकलं आणि आम्हाला घेऊन चालू लागला. कोण, कुठले, काही न विचारता. विहीर आली तशी अण्णांनी चपला काढल्या.

विहिरीच्या काठावर हात टेकून आम्ही वाकलो. खाली पाणी होतं. हिरवट, शांत, आणि त्यात आभाळाचा एक गोल तुकडा. एक कबुतर आतल्या कपारीतून फडफडत वर आलं आणि पाण्यातलं आभाळ हललं. मी फोन काढला, पण अण्णांकडे बघून परत पिशवीत ठेवला. ते ओठांनी काही तरी मोजत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "किती पुरुष खोल असेल ते बघत होतो. इतकी माती आत्याच्या सासूनं डोक्यावर वाहिली."

आमचं बोलणं ऐकून शेजारच्या घरातून एक आजी बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, कपाळ मोकळं, पाठीत वाकलेल्या. तरुणाने सांगितलं की हे आत्याबाईंचे भाचे. आजींना आमची आत्या आठवत होती! "व्हय, ती उंच व्हती. लई बोलायची." मग त्या लगबगीने आत गेल्या आणि पितळी तांब्यात पाणी घेऊन आल्या.

अण्णा उंबऱ्याबाहेर उभे होते. आजींनी तांब्या पुढे केला आणि अण्णांनी दोन्ही हात जुळवून ओंजळ पुढे केली. कंबरेत वाकून, कोपरं बाहेर काढून, मान खाली. मी त्यांना असं पाणी पिताना आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. घरी ते स्टीलच्या पेल्यातून पितात. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी गावच्या आडावर त्यांची आई घागर घेऊन ताटकळायची, कुणा बाईला दया आली की ती वरून पाणी ओतायची आणि पोराला तहान लागली असेल तर अशीच ओंजळ धरायला लागायची. शरीर ते विसरलं नव्हतं.

आजींच्या एका क्षणात लक्षात आलं. त्यांनी पाणी ओतलं नाही. डाव्या हाताने अण्णांची ओंजळ हळूच सोडवली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

"हातात घ्या की. आपलंच हाय."

अण्णांनी तांब्या तोंडाला लावला. तोंड लावून प्यायले, वरून नाही. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. आजींनी तोच तांब्या घेतला, आत जाऊन पुन्हा भरला आणि मला दिला.

आजींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची गरम भाकरी, हरभऱ्याच्या पानांची भाजी, ठेचा, ताक. तरुण सांगत होता की १४ एप्रिलला गावात मोठा कार्यक्रम असतो, बाहेरगावी गेलेली माणसं येतात. आता घराघरांत नळ आहे. "पण इहीर कुणी बुजवू देणार नाही," तो म्हणाला. नळ आला म्हणजे विहिरीचं काम संपलं असं त्याला वाटत नव्हतं, आणि मलाही वाटत नाही. हायकोर्टाचा निकाल, कौन्सिलातला ठराव, पुढे घटनेचं कलम १७, हे सगळं वरून आलेलं आहे आणि ते हवंच होतं. पण खालून कुणी तरी रात्री कुदळ मारली नसती तर बाबासाहेबांच्या हाताला पोहरा कुठून मिळाला असता? सोलापूर जिल्ह्यात मला जे बघायचं होतं ते हेच होतं. लोकांनी खणायचं, आणि बाबासाहेबांनी येऊन म्हणायचं, हे तुमचं आहे, प्या.

वळसंगला जाणाऱ्यांना एवढंच सांगते. हे पर्यटनस्थळ नाही, माणसांची वस्ती आहे. तिकीट नाही, वेळ नाही, फलक वाचत फिरायची जागा नाही. विचारून जा, फोटो विचारून काढा आणि घाईत जाऊ नका. दुपारी बाराच्या आत पोचा, फेब्रुवारीतसुद्धा नंतर ऊन सोसत नाही.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेच्या रानात हुरडा चालू होता. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं, तळहातावर चोळून गरम दाणे, सोबत शेंगाची चटणी आणि गूळ. शेतकऱ्याने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले. अण्णा दिवसभर जे बोलले नाहीत ते तिथे बोलले. म्हणाले, "बोर्डिंगात पहिल्या दिवशी पाण्याचा माठ होता. भोवती पोरं. मी लांब उभा. कुणी तरी ओतेल म्हणून. सरांनी हाताला धरून नेलं, म्हणाले, डाव उचल. मला उचलताच येईना."

तिसरा दिवस : मंगळवेढा, पंढरपूर

शनिवार, ७ फेब्रुवारी. सोलापूरहून सकाळी लवकर निघालो. वडापचं टायर मंगळवेढ्याच्या अलीकडे बसलं आणि आम्ही पाऊण तास बांधावर. तक्रार नाही, कारण समोर मंगळवेढ्याची ज्वारी होती. मालदांडी. या जमिनीत पाऊस पडून गेल्यावर पेरतात आणि नुसत्या ओलीवर पीक येतं. काळ्या मातीचं ढेकूळ ड्रायव्हरने हातावर घेऊन फोडून दाखवलं, आत अजून गारवा होता. या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घरी दोन-चार किलो नक्की न्या.

मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव. याच गावच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा दगडमातीखाली गेले. साल १३३८. ज्याला गावकुसाबाहेर राहायला लावलं त्यालाच कूस बांधायला लावलं. नामदेव हाडं शोधायला आले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठल ऐकू आला ती चोखोबांची म्हणून त्यांनी उचलली, अशी कथा आहे. ती हाडं पंढरपुरात महाद्वारासमोर आहेत. आमच्या सोबत गाडीत मागच्या आठवड्यातल्या माघी एकादशीला येऊन अजून न परतलेले दोन वारकरी होते, तेही ही कथा सांगताना गप्पगप्प होत गेले.

पंढरपुरात चंद्रभागा वाळवंटात आक्रसून बसलेली. आम्ही थेट महाद्वारापाशी गेलो. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी. येणारे जाणारे डोकं टेकवत होते, तुळशीचा वास, बुक्का, पायाखाली ओली फरशी. तिथे उभं राहिल्यावर अण्णांनी सांगितलं की त्यांना रमाईच्या जयंतीला इथे का यायचं होतं.

रमाईंना पंढरपूरला यायचं होतं. त्यांनी बाबासाहेबांना तसं म्हटलंही. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की जे पंढरपूर भक्तांना देवापासून लांब ठेवतं तिथे कशाला जायचं, आपण सेवेने आणि त्यागाने दुसरं पंढरपूर उभं करू. रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. पंढरपूर राहिलं. "माझी आई पण यायची राहिली," अण्णा म्हणाले. "तिलाही कुणी आणलं नाही."

अण्णा देवळात गेले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, मी चोखोबापाशी बसतो, तू जाऊन ये. मी रांगेत उभी राहिले. पुढे सरकता सरकता साने गुरुजी आठवत होते. या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून १ मे १९४७ ला त्यांनी इथे तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून गावोगावी लोकांना साद घातली. दहा दिवसांनंतर दार उघडायचं कबूल झालं तेव्हा उपोषण सुटलं. बाबासाहेब तोवर देवळांच्या वाटेवरून केव्हाच दूर गेले होते. काळाराम सत्याग्रह १९३० ला सुरू झाला, पाच वर्षं चालला, आणि १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्म सोडायची घोषणा केली. त्यांना दर्शन नको होतं, माणूस म्हणून हक्क हवा होता. पण चोखोबांना त्यांनी सोडलं नाही. १९४८ ला आलेलं अस्पृश्यांच्या मूळाविषयीचं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं. आणि २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला म्हणाले की पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे आणि मी ते लिहून सिद्ध करणार आहे. ते लिहायला त्यांना आयुष्य पुरलं नाही.

मी विटेवर डोकं टेकवलं ते आजीसाठी. बाहेर आले तेव्हा अण्णा चोखोबांच्या समाधीला टेकून एका वारकऱ्याला वळसंगच्या विहिरीची गोष्ट सांगत होते, ताठ बसून, अगदी आत्यासारखे.

दर्शनाला शनिवार-रविवार आणि एकादशी टाळा. चप्पल पिशवीत घालून जवळ ठेवा. जेवायला बाजार आमटी मिळाली तर सोडू नका. डाळी आणि येसूर घालून केलेली, तर्रीदार, भाकरी कुस्करून खायची. अण्णांना तिखट चालत नाही, तरी दोन वाट्या प्यायले.

शेवटी चोखामेळा धर्मशाळा. पंढरपुरात इतक्या धर्मशाळा, पण वारीला आलेल्या अस्पृश्यांनी टेकायचं कुठे? गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी ही बांधली. लोकांकडून पैपैसा मागून. आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहासाठी. देवाच्या दारात आलेल्या माणसांची जागा शिकायला आलेल्या पोरांची झाली. दोघांमध्ये फार जीव. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि गाडगेबाबा त्याच महिन्याच्या २० तारखेला. रमाईंना सांगितलेलं दुसरं पंढरपूर कुठे असेल तर ते मला या धर्मशाळेच्या गोष्टीत दिसतं.

वाट विचारायला आम्ही एका कॉलेजच्या मुलाला थांबवलं. हातात धुतलेलं ताट आणि पेला, पाणी अजून निथळत होतं. कुठल्याशा बोर्डिंगात राहतो, सांगोल्याकडचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, संध्याकाळी रमाई जयंतीचा कार्यक्रम आहे त्याची तयारी चाललीय म्हणाला. तो आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आला. अण्णांचं लक्ष त्याच्या ताटाकडे. शेवटी त्यांनी विचारलंच.

"ताटावर नंबर घालतात का रे तुमच्याकडं?"

"नाही काका, नाव घालतो." त्याने ताट वळवून काठ दाखवला. अण्णांनी चष्मा पुसला आणि ते नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट.